जुना वस्तरा हाती आल्यावर : पार्सल उघडण्यापासून पहिल्या दाढीपर्यंत

माझ्याकडे लोक जे जुने वस्तरे घेऊन येतात, त्यातले बरेचसे गंजाने मेलेले नसतात, दुरुस्तीने मेलेले असतात. आजोबांच्या ट्रंकेत तेलकट फडक्यात गुंडाळलेला वस्तरा वर्षानुवर्षं धड राहतो. मग नातवाच्या हातात येतो आणि आठ दिवसांत त्याची पाठ घासली जाते, पात्यावरचं नाव पुसलं जातं, धारेजवळ निळा डाग पडतो. हात वाईट असतो म्हणून हे होत नाही. क्रम चुकतो. प्रत्येकाला पहिल्या संध्याकाळीच धार हवी असते आणि धारेचं काम तर जवळजवळ शेवटी येतं.

आमच्या गल्लीत दुकान असलेले नाना जुना वस्तरा हातात आला की अहिराणीत एवढंच म्हणायचे, "पहिले पाठ देख, मंग धार." हा सगळा लेख त्या एका वाक्याभोवती आहे.

पुढे जे शब्द येतील ते आधी ठरवून घेऊ. पात्याची जाड कड म्हणजे पाठ. धारेच्या दोन्ही बाजूंना जो चिमुकला चकाकता पट्टा असतो तो उतार. धारेचं मुठीकडचं टोक म्हणजे टाच, पुढचं टोक म्हणजे नाक. बोटांत धरायचा भाग दांडी, तिचं वळलेलं टोक शेपूट. मुठीच्या दोन पट्ट्या असतात, त्यांना धरणारे दोन किंवा तीन खिळे, खिळ्यांच्या डोक्याखाली चकत्या आणि मुठीच्या मागच्या टोकाला दोन पट्ट्यांमध्ये बसवलेली एक लहान पाचर.

## आधी जमवाजमव

वस्तरा यायच्या आधी सामान घरात हवं. तो समोर ठेवून सामान शोधायला गेलात की घरात असेल ते वापरलं जातं, आणि घरात भांडी घासायची पावडर असते.

लागणारं सामान साधं आहे. हार्डवेअरमधला पाण्याचा पॉलिश पेपर ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचा. शिलाई मशीनचं तेल. रॉकेल, आणि ते मिळत नसेल तर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन. मेडिकलमधलं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी, वायरमनची काळी टेप, परमनंट मार्कर, खडू, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे आणि सपाट जाड काचेचा एक तुकडा. दहापट मोठं दाखवणारं भिंग मात्र चांगलं घ्या. जळगावच्या सराफ बाजारात सोनार डोळ्याला लावतात तसलं छोटं भिंग उत्तम. या कामात माझा सर्वात जास्त उपयोगी पडलेला खर्च तोच.

पथऱ्यांचं, म्हणजे धार लावायच्या सपाट दगडांचं, पुढे सांगतो, पण त्याही आधीच मागवून ठेवा.

## १. पार्सल उघडणं

मागवलेला वस्तरा पावसाळ्यात आला तर त्याच दिवशी उघडा. बबल प्लास्टिकच्या आत ओल अडकते आणि दोन दिवसांत धारेवर तांबूस ठिपके उमटतात. उन्हाळ्यात उलटं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर असतो आणि पार्सल दिवसभर गाडीत तापलेलं असतं. घरात आणल्यावर खोक्यासह सावलीत तासभर राहू द्या. शिंगाची मूठ आणि जुनं सेल्युलॉइड दोन्ही उष्णतेने नरम पडतात, वाकतात.

उघडताना खोक्यात हात घालून चाचपू नका. वाटेत पातं मुठीतून बाहेर आलेलं असू शकतं. खोकं कडेने कापा, गुंडाळी टेबलावर ठेवा, मग सोडा.

वस्तरा उघडायचा तो शेपटीवर अंगठा ठेवून दांडी फिरवत. पात्याला धरून ओढायचा नाही. सैल खिळ्याचा वस्तरा उघडताना बाजूला झुकतो, धार मुठीच्या पट्टीवर आपटते आणि तुमच्या हातून पहिला टवका तिथेच उडतो.

लगेच फोटो काढा: दोन्ही बाजू, पाठ वरून, धार समोरून, दांडीवरची अक्षरं, खिळे. विक्रेत्याशी बोलायची वेळ आली तर उपयोग होतोच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढे प्रत्येक टप्प्याला आपण किती धातू घालवला ते या फोटोंशी ताडून पाहता येतं.

सावध : गंजक्या पात्याने कापलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. माझ्या मते हे काम सुरू करण्याआधीच विचारलेलं बरं.

## २. पाहणी : हा वस्तरा वाचवण्यासारखा आहे का?

या टप्प्याला किमान अर्धा तास द्या. बहुतेक जण दोन मिनिटं देतात आणि मग तडा गेलेल्या पात्यावर चार दिवस घालवतात.

पहिलं, तडे. ते बहुधा धारेपासून सुरू होऊन पाठीकडे चढतात आणि केसाइतके बारीक असतात. भिंग आणि तिरका उजेड घेऊन दोन्ही बाजू पाहा. शंका आली तर जुन्या यंत्रशाळेतली युक्ती करा. पातं रॉकेलने ओलं करा, दहा मिनिटं थांबा, फडक्याने पूर्ण कोरडं पुसा आणि वरून खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन पुडीत ओली रेघ काढतं. अशी रेघ दिसली की तो वस्तरा दाढीतून बाद. शोभेला ठेवा. तडा घासून जात नाही, आणि दाढी करताना तिथूनच तुकडा निघतो.

दुसरं, धारेजवळचा गंज. लाल भुगा निघणारा वरवरचा गंज काही वाईट नाही. काळे डाग तर पुष्कळदा राहू दिले तरी चालतात. वाईट असतात ते खड्डे, आणि तेही धारेपासून दोन-तीन मिलिमीटरच्या आत असतील तर. कारण पुढे धार जसजशी मागे सरकेल तसतसा तो खड्डा धारेवर येईल. वरून बारीक दिसणारा खड्डा आत रुंद असतो. सुई हलकेच फिरवा. सुई अडकते आहे तिथे खड्डा आहे.

तिसरं, धारेचा आकार. पातं डोळ्यांच्या रेषेत धरा. धार सरळ असेल किंवा नावेच्या तळासारखी किंचित बाहेर फुगलेली असेल तर ठीक. मधोमध आत गेलेली, तोंड पाडल्यासारखी असेल तर मागच्या मालकाने पथरीवर वर्षानुवर्षं मधेच जोर दिला आहे. ती सरळ करताना टाचेकडचा आणि नाकाकडचा बराच धातू जातो. पहिलाच वस्तरा असेल तर असा घेऊ नका.

आणि पाठ. पाठीच्या दोन्ही बाजूंना पथरीने घासलेले सपाट पट्टे दिसतील. ते दोन्हीकडे सारख्या रुंदीचे हवेत. एकीकडे एक मिलिमीटर आणि दुसरीकडे तीन असेल तर पातं वाकलेलं आहे किंवा ते एकाच बाजूने घासलं गेलं आहे. काचेवर पाठ आणि धार टेकवून ठेवा आणि नाकाला, टाचेला बोटाने हलकेच दाबा. डुलतं का ते कळेल. थोडं डुललं तर सांभाळता येतं. खूप डुललं तर नाही.

शेवटी रंग. पात्यावर कुठे पिवळसर, जांभळट, निळी झाक आहे का? असेल तर ते पातं कधीतरी चाकावर तापलेलं आहे. पोलादाचा कडकपणा साधारण २०० अंश सेल्सिअसच्या वर गेला की उतरू लागतो, आणि कागदासारखी पातळ धार तिथपर्यंत क्षणात पोचते. निळ्या जागी धार बसेल, पण टिकणार नाही.

सावध : सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे वस्तरा देऊ नका. विळी, कात्री, कोयता यांच्यासाठी तो माणूस हवाच. वस्तऱ्याच्या पात्याला कोरडं फिरतं चाक लागलं की वर सांगितलेली निळी झाक आलीच. घरच्या ड्रिल मशीनला लावलेल्या ब्रशचंही तेच.

## ३. मूठ कशाची आहे ते ओळखा

हे कळल्याशिवाय वस्तऱ्याला पाणी लावायचं नाही, अल्कोहोलही नाही.

शिंग असेल तर उजेडाला धरल्यावर आतले तंतू दिसतात, कडा किंचित पारदर्शक असतात. हाडावर बारीक काळे ठिपके किंवा रेघोट्या असतात. लाकूड कळतंच. जुन्या काळ्या कडक रबराची मूठ उन्हाने तपकिरी पडते.

सेल्युलॉइडकडे नीट लक्ष द्या. कासवाच्या पाठीसारखी, मोत्यासारखी किंवा हस्तिदंतासारखी दिसणारी मूठ बहुधा तीच असते. अंगठ्याने जोरात घासून गरम करा आणि वास घ्या. कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड. ते भडकन पेटतं. दिवा, मेणबत्ती, गरम हवेची बंदूक, काही जवळ नको. दुसरा त्रास त्याहून छुपा आहे. हे द्रव्य जुनं होऊन सडू लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते. ओळख अशी: बाहेर राहणारी दांडी स्वच्छ, पण मुठीच्या आत राहणारं पातं भयंकर गंजलेलं, मुठीत बारीक भेगांचं जाळं आणि नाकाला झोंबणारा वास. अशी मूठ आजच काढा आणि बाकीच्या वस्तऱ्यांपासून लांब ठेवा. एकाच डब्यात ठेवली तर शेजारचेही गंजतात.

एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या रेषांचं जाळं आतपर्यंत दिसत असेल तर तो खरा हस्तिदंत असू शकतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्याचा व्यापार गुन्हा आहे. अशी वस्तू बाजारातून विकत घेऊ नका, विकूही नका.

## ४. धुणं आणि निर्जंतुक करणं

वस्तरा दुसऱ्याच्या गालावरून फिरलेला आहे हे विसरू नका. पातं उघडून दांडीपर्यंत साबणाच्या कोमट पाण्याने पुसा आणि जुन्या मऊ टूथब्रशने दांडीवरच्या कोरीव अक्षरांतला मळ काढा. मूठ पाण्यात बुडवायची नाही. खिळ्याभोवती पाणी राहिलं की आतून गंज सुरू. लगेच कोरडं करा, मग पात्याला अल्कोहोल लावून ते आपोआप उडेपर्यंत राहू द्या. सेल्युलॉइडच्या मुठीला अल्कोहोल लागू देऊ नका, पृष्ठभाग विरघळून चिकट होतो.

उकळू नका. ब्लीचिंगचं पाणी नको, त्याने तासाभरात गंज धरतो.

खिळ्याच्या फटीत टर्पेंटाइनचा एक थेंब सोडा, पातं दहा-वीस वेळा उघडा-मिटा. काळं पाणी बाहेर येईल. टिपून घ्या, परत एक थेंब. थेंब स्वच्छ यायला लागला की मशीनचं तेल.

## ५. गंज काढणं

इथे हात सर्वांत जास्त शिवशिवतात, म्हणून इथेच थांबून एक गोष्ट ठरवा: तुम्हाला वस्तरा वापरायचा आहे की आरशासारखा चमकवायचा आहे? वापरायचा असेल तर लाल गंज गेला, धारेजवळचा भाग स्वच्छ झाला की काम झालं. पाठीवरचे आणि दांडीवरचे काळे डाग मी सोडून देतो. ते वाढत नाहीत, आणि ते काढायला जितका धातू घासावा लागतो तितका घासण्याची माझी तयारी नसते.

पात्यावर चित्र किंवा सोनेरी अक्षरं असतील तर त्या भागाला पेपर, ब्रासो, काही लावायचं नाही. तो सोनेरी मुलामा इतका पातळ असतो की फडक्याने जोरात पुसला तरी जातो. फक्त तेल.

काम असं करा:

क) पात्याला मशीनचं तेल भरपूर लावून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ झालेला गंज तांब्याच्या किंवा पितळेच्या तुकड्याच्या कडेने खरवडा. तांबं-पितळ पोलादापेक्षा मऊ, म्हणून ओरखडा पडत नाही.

ख) धारेवर कागदी चिकटपट्टीचे दोन थर लावा, धार त्याच्या आत झाकली गेली पाहिजे. ही पट्टी बोटांसाठी आहे.

ग) पातं कधीही हवेत धरून घासू नका. लाकडी पाटाच्या कडेवर आडवं, पूर्ण टेकवून ठेवा. पॉलिश पेपरचा छोटा तुकडा सायकलच्या ट्यूबच्या घडीवर गुंडाळा. पात्याच्या खोलगट पोटात ती घडी बरोबर बसते.

घ) घासायचं ते टाचेकडून नाकाकडे, लांबीने. किंवा पाठीकडून धारेकडे, धार ओलांडून बाहेर. धारेकडून पाठीकडे कधीच नाही. माझ्या डाव्या अंगठ्यावरचा व्रण त्या एका उलट्या फेरीचा आहे.

ङ) ६०० पासून सुरुवात करा. ४०० फक्त खूपच खराब जागेला. पेपर तेलाने किंवा पाण्याने ओला ठेवा. नंबर बदलताना पातं पुसा आणि घासायची दिशा किंचित बदला, म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. ते पूर्ण गेल्याशिवाय पुढच्या नंबरला जाऊ नका. २००० वर थांबा, मग वाटलं तर ब्रासो.

सावध : लिंबू, चिंच, व्हिनेगर, पितळेची भांडी उजळायची पावडर, यातलं काहीही नको. आम्ल गंज खातं तसं पोलादही खातं. पातं मळकट राखाडी होतं, आणि धारेजवळचा पातळ भाग तर तासाभरात खरखरीत होतो. एका काकूंनी आपल्या सासऱ्यांचा वस्तरा रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवला होता. सकाळी पात्यावरचं नाव वाचता येत नव्हतं. जर्मनीतल्या झोलिंगनची ती अक्षरं होती, आधीच्या फोटोत स्वच्छ दिसत होती.

तपासणी : पातं कोरडं करून पांढऱ्या टिश्यू पेपरने पुसा. कागद तांबूस झाला तर गंज अजून जिवंत आहे. काळा किंवा स्वच्छ आला तर पुढे चला.

## ६. खिळे आणि मूठ

मूठ धड असेल, पातं मिटताना मधोमध येत असेल, तर मूठ काढू नका. पातं हाताळताना थोडं सैल वाटत असेल तर मूठ लोखंडी ठोकळ्यावर ठेवून खिळ्याच्या डोक्यावर सोनाराच्या छोट्या हातोडीने चार-पाच हलक्या टिचक्या मारा. प्रत्येक टिचकीनंतर पातं हलवून पाहा. एक टिचकी जास्त झाली तर शिंगाची मूठ खिळ्यापाशी तडकते.

मूठ काढावीच लागली तर खिळ्याचं डोकं बारीक कानशीने घासून चकती सुटी करा आणि खिळा सुईसारख्या पंचाने मागे ढकला. पट्ट्यांमध्ये पेचकस घालून उचकटायचं नाही.

नवी मूठ करायची तर आपल्याकडे लाकडाची चंगळ आहे. शिसव चालतं, सागवान चालतं, पण मला खानदेशातला अंजन सर्वांत आवडतो. दगडासारखा कडक, जड, गर्द तांबूस. सुताराकडे जुन्या बैलगाडीचा किंवा दाराच्या चौकटीचा तुकडा मिळाला तर पुष्कळ झालं, त्यासाठी कोणी झाड तोडू नये. प्रत्येक पट्टी अडीच ते तीन मिलिमीटर. दोन्ही पट्ट्या दुतोंडी टेपने एकमेकींना चिकटवून एकदमच आकार द्या आणि एकदमच भोकं पाडा, नाहीतर भोकं जुळत नाहीत. अंजनला भोक पाडताना घाई केली तर ड्रिलचा बिट जळतो.

खिळ्यासाठी १.६ मिलिमीटर जाडीची पितळी तार. आधी मागची पाचर बसवून तो खिळा ठोका, मग पात्याचा. तार चकतीच्या बाहेर साधारण एक मिलिमीटर ठेवा. जास्त ठेवली तर ती ठोकताना वाकते आणि आतल्या आत मूठ फुटते. मोठे घाव घालायचे नाहीत. शंभर हलक्या टिचक्या, गोल फिरत, डोकं छत्रीसारखं पसरेपर्यंत. हे काम एकदा सोनाराच्या पेढीवर बसून पाहा. ते लोक हातोडी उचलतात त्यापेक्षा जास्त ती पडू देतात.

लाकडाला जवसाचं तेल पातळ हाताने, तीन-चार दिवस.

सावध : जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. पाण्यात भिजवा किंवा एकेक चिंधी दोरीवर पसरून वाळवा.

तपासणी : वस्तरा हळूच मिटा. धार कोणत्याही पट्टीला न लागता मधोमध आत गेली पाहिजे. लागत असेल तर धार लावायला घेऊच नका. लावलेली धार पहिल्यांदा मिटतानाच मरेल.

## ७. उतार बसवणं

आता धार.

पथरी आधी सपाट करायची. नवी असली तरी. पथरीवर पेन्सिलने चौकटी आखा, काचेवर २२० किंवा ३२० चा ओला पेपर पसरा आणि पथरी त्यावर सगळ्या रेघा जाईपर्यंत घासा. मधे रेघा उरल्या म्हणजे तिथे खोलगट आहे. अशा पथरीवर कितीही मेहनत केली तरी धार एकसारखी लागत नाही.

पाण्याबद्दल एक गोष्ट. आपल्याकडचं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. पात्यावर सुकलं की पांढरे डाग राहतात आणि त्या क्षारांखाली ओल धरते. पथरीला आणि शेवटच्या धुण्याला फिल्टरचं पाणी वापरा.

वस्तऱ्याचा कोन आपण ठरवत नाही, पातं ठरवतं. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी पथरीला टेकलेली ठेवली की साधारण १६ ते १८ अंशांचा कोन आपोआप मिळतो. पाठ उचलली की संपलं. पाठ झिजू नये म्हणून तिच्यावर काळ्या टेपचा एक थर लावा. १६ मिलिमीटर रुंदीच्या पात्याला त्याने कोन सुमारे एका अंशाने वाढतो, त्याने काही बिघडत नाही. पण इथे टेप लावली तर शेवटच्या पथरीपर्यंत टेप हवीच. मधेच काढली तर धार पथरीला टेकतच नाही, आणि माणूस तासभर नुसती पाठ घासत बसतो. झिजली की नवी लावा.

धारेवर टवके असतील किंवा कोणीतरी चुकीच्या कोनात घासलेलं असेल, तर ती आधी पूर्ण बोथट करा. काचेच्या कडेवर धार उभी ठेवून पात्याच्या वजनानेच एकदा ओढा. जीव हळहळतो, पण कुजक्या धातूवर नवी धार बसत नाही.

१००० नंबरची पथरी. उतारावर दोन्ही बाजूंनी मार्करची शाई लावा. धार पुढे ठेवून, टाचेकडून सुरुवात करून, पातं पुढे नेता नेता तिरकं खाली ओढा, म्हणजे पथरीच्या शेवटी नाक येईल. पुरा फेरा गुणाकाराच्या फुलीच्या एका रेघेसारखा दिसतो. उलटवायचं ते पाठीवरून लोळवून. धारेवरून उलटवलं तर धार पथरीवर आपटते. जोर दोन बोटांचा, तोही सुरुवातीला. पातळ पात्यावर जोर दिला की ते वाकतं आणि धार उचलली जाते.

दहा फेऱ्यांनंतर भिंगातून पाहा. शाई जिथे उरली आहे तिथे पथरी पोचलेली नाही. शाई उतारावरून गेली पण अगदी टोकाच्या रेषेवर उरली, तर अजून काम बाकी आहे. हा टप्पा अर्ध्या तासात होतो किंवा दोन संध्याकाळी घेतो. माझ्याकडे येणारे जे म्हणतात "सगळं केलं तरी केस कापत नाही", त्यांचं जवळजवळ नेहमी इथेच राहिलेलं असतं, आणि ते उगाच महागडी १२००० ची पथरी विकत घेऊन बसलेले असतात.

तपासणी : दिव्याखाली धार सरळ डोळ्यांकडे करून पाहा. बोथट जागी उजेडाचा ठिपका चमकतो, कारण तिथे अजून सपाटी आहे. एकही ठिपका नको. मग हाताच्या केसांवरून टाच, मध, नाक तिन्ही जागा वेगवेगळ्या फिरवा. तिन्हीकडे केस कापला जायला हवा, १००० वरच. न झाल्यास पुढची पथरी काढूच नका.

## ८. बारीक पथऱ्या

उतार नीट बसला असेल तर हे सोपं आहे. ४०००, ८०००, आणि जमल्यास १२०००. पथऱ्या परवडत नसतील तर काचेवर चिकटवायच्या लॅपिंग फिल्म ९, ३ आणि १ मायक्रॉनच्या घ्या, स्वस्तात काम होतं. प्रत्येक पथरीवर आधीचे ओरखडे जाईपर्यंत, आणि शेवटच्या वीसेक फेऱ्या फक्त पात्याच्या वजनाने.

पथरी बदलताना हात, पातं, टेबल धुवा, टेप नवी लावा. १००० चा एक कण १२००० वर आला की पुन्हा मागे जावं लागतं. मे महिन्यात दुपारी हे काम करू नका. पंख्याखाली पथरी मिनिटात सुकते आणि वाऱ्याबरोबर येणारी धूळ तिच्यावर बसते. पहाटे, दार लावून.

## ९. चामोटी

चामोटी म्हणजे वस्तरा फिरवायचा चामड्याचा पट्टा. निदान ४५ सेंटिमीटर लांब, सहा-सात सेंटिमीटर रुंद, वनस्पतींच्या सालीने कमावलेल्या चामड्याचा. रसायनाने कमावलेलं मऊ फुगीर चामडं चालत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा साज विकणाऱ्यांकडे कधी कधी सुरेख तुकडा मिळतो. चप्पल-बूट शिवणाऱ्या कारागिराला सांगितलं तरी तो कापून देईल. जोडीला जाड खादीची किंवा जीनच्या कापडाची पट्टी.

आधी कापडावर २०-३०, मग चामड्यावर ५०-६० फेऱ्या. इथे दिशा उलटी, पाठ पुढे आणि धार मागे. पट्टा ताणलेला हवा. सैल पडला तर तो धारेभोवती वळतो आणि धार गोल होते. वेग नको, तो आपोआप येतो. सुरुवातीला सगळे जण वळणावर चामडं कापतात, कारण पाठ टेकायच्या आधी पातं उलटवतात. थांबा, पाठीवर लोळवा, मग परत या.

## १०. पहिली दाढी

आंघोळीनंतर, भरपूर फेस, फक्त दोन्ही गाल. हनुवटी आणि गळा दुसऱ्या आठवड्यात. मोकळ्या हाताने कातडी ताणा, पातं कातडीशी साधारण ३० अंशांवर, केसांच्या दिशेने. ओढलं जात असेल तर जोर वाढवू नका. चामोटीवर परत जा, तरी ओढत असेल तर ८००० वर.

हा वस्तरा तुमचा एकट्याचा. भावाला, मित्राला वापरायला देऊ नका. रक्तातून कावीळ बी आणि एचआयव्हीसारखे आजार पसरतात, आणि सलूनमध्ये आता ब्लेड बदलायचे वस्तरे आले ते त्याचसाठी.

दाढी झाल्यावर फिल्टरच्या पाण्याने धुवा, पाठीकडून धारेकडे टिपा, कापडावर पाच-सहा फेऱ्या मारा म्हणजे धारेवरची ओल जाते, आणि अर्धा तास उघडा ठेवा. मग मशीनच्या तेलाचा किंवा लिक्विड पॅराफिनचा हात फिरवा. खोबरेल, शेंगदाण्याचं, सरकीचं तेल नको, ते चिकट होऊन मळ धरतं. वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नका, चामड्याच्या म्यानातही नको, चामडं ओल धरतं. सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा आणि औषधाच्या बाटलीत येते ती सिलिका जेलची पुडी आत टाका. मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी डबा उघडून टिश्यू पेपरची तपासणी करायची, वापरात नसला तरी.